तिसऱ्या रात्री बाबा बदलले: रुग्णालयातला डेलिरियम आणि सोबत बसणाऱ्यांचं काम (प्रकरण अभ्यास)

या प्रकरणातला रुग्ण म्हणजे कुणी एक खरी व्यक्ती नाही. वॉर्डात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका कुटुंबाभोवती जुळवून मांडल्या आहेत. औषधं, लक्षणं आणि त्यांचा क्रम मात्र जसा प्रत्यक्षात असतो तसाच ठेवला आहे.

रुग्णाचं वय 76. उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया झाल्यामुळे दाखल केलेले. प्रोस्टेट वाढलेली, रक्तदाबाची गोळी चालू, दोन्ही कानांना श्रवणयंत्र, वाचायला चष्मा. घरी स्वतःची सगळी कामं स्वतः करणारे, रोज पेपर वाचणारे, हिशेब तोंडी करणारे. दाखल झाल्यावर शिरेतून अँटिबायोटिक, नाकाच्या नळीतून मिनिटाला 2 लिटर ऑक्सिजन. सोबतीला पाळीपाळीने पत्नी, मुलगा आणि मुलगी. पहिले दोन दिवस ठीक गेले, ताप उतरू लागला.

तिसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला बाबा उठून बसले, सलाईनची नळी ओढून काढली आणि "गाडी चुकेल, माझे बूट कुठे आहेत" असं म्हणत खाटेवरून उतरायला लागले. मुलाला ओळखेनात. मुलाने समजावलं, मग आवाज चढवला, मग दोन्ही हात धरून ठेवले. बाबा जास्तच चिडले. सिस्टर आल्या, नळी पुन्हा लावली, म्हणाल्या, "वय झालंय, जागा नवीन आहे, होतं असं." मुलाने विनंती केली की काहीतरी देऊन झोपवा. पहाटे पाचला बाबा आपोआपच शांत झाले. सकाळी मुलगी आली तेव्हा ते गाढ झोपले होते आणि मुलगा म्हणाला, "आता बरे आहेत."

इथे दोन चुकीचे अर्थ लावले गेले. रात्रीचा गोंधळ वयावर ढकलला गेला. सकाळची झोप म्हणजे सुधारणा, असं धरलं गेलं. आमच्या मते दुसरी चूक जास्त महागात पडते, कारण पहिल्या वेळी निदान सगळे जागे तरी होतात.

हा डेलिरियम होता, म्हणजे आजारपणात मेंदूचा अचानक उडणारा गोंधळ. डेलिरियम म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांत हळूहळू वाढतो. डेलिरियम काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो, दिवसभरात कमी-जास्त होतो आणि त्याची मुख्य खूण म्हणजे लक्ष न टिकणं. माणूस प्रश्न ऐकतो, उत्तराच्या मध्येच भरकटतो. त्याची दोन रूपं आहेत. एकात रुग्ण ओरडतो, नळ्या ओढतो, पळायला बघतो. दुसऱ्यात तो गप्प पडून राहतो, हाक मारली की डोळे उघडतो आणि पुन्हा मिटतो, जेवत नाही, तक्रार करत नाही. दुसऱ्या प्रकारचा रुग्ण कुणालाच त्रास देत नाही, म्हणून तो निसटतो. एकाच रुग्णात ही दोन्ही रूपं आलटून पालटून येऊ शकतात. बाबांचं तसंच चाललं होतं.

मुलीने काय केलं ते बारकाईने बघण्यासारखं आहे. तिने बाबांना हाक मारून जागं केलं आणि वर्षाचे महिने उलटे म्हणायला सांगितले, डिसेंबरपासून. डॉक्टर वापरतात त्या ‘फोर-ए-टी’ चाचणीतलाच हा एक भाग आहे. सात किंवा जास्त महिने बरोबर सांगता आले तर लक्ष टिकतंय असं धरतात. बाबा "डिसेंबर, नोव्हेंबर... पाऊस" इथेच थांबले. आठवड्यापूर्वी हाच माणूस वीजबिलातली बेरीज तपासत होता, हे फक्त तिला माहीत होतं. नर्सना माहीत असण्याचं कारणच नव्हतं. त्यांनी बाबांना पाहिलं ते थेट आजारी अवस्थेतच. घरच्यांकडे असलेली आणि बाकी कुणाकडेच नसलेली माहिती ती हीच: हा माणूस एरवी कसा असतो.

मग तिने अंथरुणाजवळची परिस्थिती तपासली. श्रवणयंत्रं कपाटाच्या खणात टिश्यूमध्ये गुंडाळलेली होती. दुसऱ्या दिवशी एक्स-रेसाठी नेताना काढली, ती परत घातलीच नव्हती. एकाची बॅटरीही संपलेली. टिश्यूत गुंडाळलेलं यंत्र कचऱ्यात जातं, हे रुग्णालयात नेहमी घडतं. नाव लिहिलेली झाकणाची डबी हवी. या यंत्रांच्या बऱ्याचशा बॅटऱ्या हवेवर चालतात. रंगीत चिकटपट्टी काढली की हवा आत जाते आणि बॅटरी सुरू होते, मग वापरा किंवा वापरू नका, ती संपत जाते. पट्टी काढल्यावर मिनिटभर थांबून मग बसवायची, रात्री बॅटरीचं दार उघडं ठेवायचं आणि पट्टीचा रंग लक्षात ठेवायचा: तपकिरी म्हणजे 312, नारिंगी म्हणजे 13. दुकानात नंबर सांगता आला नाही तरी रंग सांगता येतो.

ज्याला ऐकू येत नाही, चष्म्याशिवाय समोरचे चेहरे नीट दिसत नाहीत आणि खोलीत रात्रंदिवस दिवे जळत असतात, त्याला आपण कुठे आहोत हे कळणार कसं? पण एवढ्याने सगळा उलगडा होत नव्हता.

तिने लघवीचं विचारलं. आई म्हणाली, "होतेय की. सारखी होतेय, थोडी थोडी. कपडेही ओले होतात." पोटावर बेंबीखाली हात ठेवल्यावर तिथे काहीतरी घट्ट, फुगलेलं लागलं आणि बाबांनी तोंड वाकडं केलं. शौचाला तर दाखल झाल्यापासून झालंच नव्हतं.

आईचं उत्तर खरं होतं आणि तरीही फसवं. बहुतेकांना मूत्राशयात 300 ते 400 मिलिलिटर साठले की लघवीची जोराची भावना होते. बाहेर पडायचा रस्ता अडला आणि मूत्राशय काठोकाठ भरलं, की वरून सांडतं तेवढंच बाहेर येतं. थेंब थेंब, वारंवार. घरच्यांना वाटतं लघवी होतेय, तक्त्यातही ‘झाली’ अशीच नोंद पडते. म्हणून "झाली का" हा प्रश्न पुरेसा नाही. "किती झाली" हे मापाच्या भांड्यात बघूनच सांगावं लागतं.

लघवी नेमकी आताच का अडली? प्रोस्टेट वाढलेली होतीच, बद्धकोष्ठानेही दाब वाढला होता. पण दोन दिवसांपूर्वीपर्यंत निभावत होतं, मग नवीन काय घडलं? मुलीने भावाला तोंडावर एकच प्रश्न विचारला, आरोप न करता: "घरून आणलेलं काही दिलंस का त्यांना?" दिलं होतं. बाबांना झोप येत नाही म्हणून घरच्या औषधांच्या डब्यातली, चिठ्ठीशिवाय मिळणारी झोपेची गोळी. दुसऱ्या रात्री एक, तिसऱ्या रात्री दोन. त्या गोळीत डायफेनहायड्रामिन होतं. हे जुन्या पिढीतलं ॲलर्जीचं औषध. त्याने गुंगी येते म्हणून कित्येक देशांत ते झोपेसाठी विकलं जातं. पण तेच औषध मूत्राशयाच्या स्नायूचं आकुंचन कमजोर करतं, आतडी मंदावतं, तोंड कोरडं पाडतं आणि मेंदूतल्या ज्या रसायनावर लक्ष टिकणं अवलंबून असतं त्यालाच अडवतं. म्हातारपणी ते शरीरातून निघून जायला वेळही जास्त लागतो. अमेरिकेतल्या वृद्धवैद्यक संघटनेच्या ‘बीअर्स’ यादीत ज्येष्ठांना टाळायच्या औषधांमध्ये त्याचं नाव आहे. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमधलं क्लोरफेनिरामिनही याच कुळातलं.

मुलाचा हेतू चांगला होता, हे सांगायची गरज नाही. गरज आहे ती अशी गोष्ट लगेच बोलून दाखवण्याची. घरून दिलेली गोळी लपवली जाते ती ओरडा बसेल या भीतीने, आणि मग डॉक्टर मेंदूचं स्कॅन, रक्त, नवा संसर्ग असं सगळं शोधत बसतात. सिस्टरना सांगायला दोन वाक्यं पुरतात: कोणती गोळी, किती, किती वाजता. पाकीट हातात द्यावं. नाव चुकण्याचा प्रश्नच उरत नाही.

सांगण्याची पद्धत फार महत्त्वाची. गर्दीच्या वॉर्डात "बाबा काही बरोबर वाटत नाहीत, बघा ना जरा" या वाक्यावर कुणी धावत येणार नाही, कारण त्यात धरण्यासारखं काही नाही. मुलीने जे सांगितलं ते साधारण असं:

"सिस्टर, परवापर्यंत हे पेपर वाचत होते. काल रात्री दोनपासून आम्हाला ओळखत नाहीत, आत्ता महिने उलटे म्हणायला लावले तर दोनच आले. काल संध्याकाळपासून लघवी थेंब थेंब होतेय, बेंबीखाली पोट कडक आहे. प्रोस्टेटचा त्रास जुना आहे. माझ्या भावाने दोन रात्री डायफेनहायड्रामिनची गोळी दिली, हे पाकीट. लघवी तुंबली आहे का ते आत्ता बघता येईल का? आणि डॉक्टरांना हा डेलिरियम असू शकतो का विचाराल का?"

आधी कसे होते, कधीपासून बदलले, नेमकं काय दिसतंय, कशाची शंका आहे, काय हवंय. सगळं अर्ध्या मिनिटात. शेवटी विनंती हवीच, नाहीतर ऐकणारा मान डोलावून पुढच्या खाटेकडे जातो. अर्ध्या तासात हालचाल झाली नाही तर वॉर्डच्या प्रमुख नर्सकडे, मग ड्यूटीवरच्या डॉक्टरांकडे, मग ज्यांच्या नावाने रुग्ण दाखल आहे त्यांच्याकडे जायचं. प्रत्येक वेळी तेच वाक्य, त्याच क्रमाने. आवाज चढवून फायदा झालेला क्वचितच दिसतो. मात्र श्वास वेगाने चालला असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा हलवूनही जाग येत नसेल तर हा क्रम विसरायचा आणि तिथूनच हाक मारायची.

पोटावरून फिरवायच्या छोट्या सोनोग्राफी यंत्राने मूत्राशयात 900 मिलिलिटर दिसले. कॅथेटर, म्हणजे लघवी बाहेर काढणारी नळी, घातला. तासाभरात बाबांची चुळबूळ कमी झाली. सोबत रक्तातली साखर, सोडियम, ऑक्सिजनही तपासला, कारण डेलिरियमला बहुधा एकच कारण नसतं आणि एक सापडलं म्हणून बाकीची शोधायची थांबवायची नसतात. वेदना, पाणी कमी पडणं, नवा ताप, रोजची दारू किंवा रोजची झोपेची गोळी अचानक बंद होणं, ही सगळी नेहमीची कारणं. शेवटचं कारण घरच्यांशिवाय कुणाला कळत नाही आणि घरचे ते लाजेने सांगत नाहीत.

कारण दूर झालं की डेलिरियम लगेच जातो असं नाही. बाबांना पुढचे चार दिवस लागले, त्यातही संध्याकाळी घसरण व्हायचीच. या चार दिवसांत घरच्यांनी जे केलं त्याला औषधाइतकंच वजन आहे.

बोलणं. भ्रमात असलेल्या माणसाशी वाद घालायचा नाही आणि त्याच्या भ्रमाला होकारही द्यायचा नाही. "गाडी चुकेल" याला "कसली गाडी, डोकं ठिकाणावर आहे का" हे उत्तर भांडण वाढवतं. "हो हो, निघू या" म्हटलं तर ते खरोखर निघतात. मुलगी समोर, चेहऱ्यावर उजेड पडेल अशी बसायची आणि सांगायची, "बाबा, मी आहे. तुम्ही हॉस्पिटलमध्ये आहात. छातीत संसर्ग झालाय, बरा होतोय. रात्र आहे, मी इथेच आहे." छोटी वाक्यं, एका वेळी एकच. मग विषय ओळखीच्या गोष्टीकडे न्यायचा. एका वेळी खाटेपाशी एकच माणूस बोलणारा. चौघे नातेवाईक चारही बाजूंनी "मला ओळखलंत का?" विचारत असले तर धडधाकट माणूसही गोंधळेल. तो प्रश्न तर विचारूच नये; स्वतःहून नाव सांगावं.

नळ्या. हात बांधून ठेवले की धडपड वाढते, म्हणून ते टाळण्यासारखं असेल तर टाळायचं. सलाईनची जागा बाहीखाली किंवा सैल पट्टीखाली नर्सकडून झाकून घेतली आणि नळी खांद्यामागून नेली. डोळ्यांसमोर नसलेली नळी कमी ओढली जाते. शिवाय रोज डॉक्टरांच्या राउंडला एक प्रश्न: "कॅथेटर, सलाईन यातलं आज काय काढता येईल?" कॅथेटर जितके दिवस राहतो तितका संसर्गाचा धोका वाढत जातो. पिशवी कायम मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता लटकलेली हवी. खाट वर-खाली केली की पिशवी कुठे गेली ते बघायचं. नळीला पीळ पडला की पुन्हा तुंबतं, आणि पुन्हा रात्र तशीच जाते.

झोप. दिवसा पडदा उघडा, खुर्चीत बसवणं, दुपारी फार झोपू न देणं. रात्री दिवा मंद, टीव्ही आणि फोन बंद. मुलीने नर्सना विचारलं की रात्री दोनचं रक्तदाबाचं माप अँटिबायोटिकच्या वेळेबरोबर घेता येईल का. घेता आलं. असं प्रत्येक वेळी जमत नाही, आणि रुग्ण अस्थिर असेल तर मागूही नये, पण विचारल्याशिवाय कुणी आपणहून बदलत नाही.

खाणं-पिणं. गुंगीत असलेल्याच्या तोंडात घास किंवा पाणी घालायचं नाही. आधीच न्यूमोनिया आहे, त्यात अन्न श्वासनलिकेत गेलं तर सगळं पहिल्यापासून. पूर्ण जागं करून, सरळ बसवून, लहान घोट, गिळलं हे बघून पुढचा. खाल्ल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. पाणी पिताना खोकला येत असेल किंवा आवाज ओला, घोगरा होत असेल तर थांबायचं आणि सांगायचं. किती प्यायले हे पेल्यांत नको, मिलिलिटरमध्ये लिहायचं. वॉर्डातला पेला किती मापाचा आहे हे एकदा विचारून ठेवलं की झालं.

हालचाल. निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणात ठेवून केलेल्या, 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पायांचे स्नायू साधारण एक किलोने घटलेले आढळले. आजारी माणसाचं काय होत असेल याचा अंदाज करा. परवानगी मिळाल्यावर बाबांना आधी खाटेच्या कडेला पाय जमिनीला टेकवून एक-दोन मिनिटं बसवलं, चक्कर नाही ना विचारलं, मगच उभं केलं. काखेत हात घालून ओढायचं नाही, खांदा निखळतो. पायात न घसरणारी चप्पल. ज्या वेळी ते झोपूनच असायचे त्या वेळी दर दोन तासांनी कूस बदलायची, पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी. माकडहाडावर लाली दिसली की बोटाने दाबून बघायचं. दाबल्यावर पांढरी पडली नाही तर तिथे जखम सुरू झाली आहे.

हात धुण्याबद्दल एकच गोष्ट, कारण बाकी सगळ्यांना पाठ असतं: रुग्णाला जुलाब होत असतील तर सॅनिटायझरवर विसंबू नका. अँटिबायोटिकनंतर होणाऱ्या एका प्रकारच्या जुलाबातले जंतू अल्कोहोलने मरत नाहीत. साबण आणि पाणी, 40 ते 60 सेकंद.

यातलं काहीच अवघड नाही, आणि त्याचा परिणाम मोजला गेला आहे. 1999 मध्ये अमेरिकेत 70 वर्षांवरच्या 852 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिशाभान, झोप, हालचाल, दृष्टी, श्रवण आणि पाणी या सहा गोष्टींकडे शिस्तीने लक्ष दिल्यावर डेलिरियमचं प्रमाण 15 टक्क्यांवरून 9.9 टक्क्यांवर आलं. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की डेलिरियम एकदा सुरू झाल्यावर त्याची तीव्रता या उपायांनी फारशी बदलली नाही. म्हणजे श्रवणयंत्र तिसऱ्या रात्रीनंतर शोधण्यापेक्षा एक्स-रेवरून आल्या आल्या कानात घालणं, हा खरा उपाय.

सोबतीच्या पाळ्यांचा प्रश्नही याच प्रकरणात दडलेला आहे. मुलगा सलग दोन रात्री जागला होता. बाबांना झोप यावी ही गरज होतीच, पण त्याला स्वतःलाही झोपायचं होतं. दमलेल्या माणसाच्या हातून घरचा डबा उघडला जातो. त्यानंतर तिघांनी सलग दोन रात्री एकाने न करण्याचं ठरवलं, आणि पाळी बदलताना खाटेपाशीच दहा मिनिटं वही समोर ठेवून बोलायचं. वहीच्या डाव्या पानावर घडलेलं: वेळ, किती प्यायले, लघवी किती मिलिलिटर, शौच, झोप, बोलणं कसं होतं. उजव्या पानावर राउंडसाठी प्रश्न, जास्तीत जास्त तीन. डॉक्टरांशी बोलणारी व्यक्ती एकच, इथे मुलगी. बाकी नातेवाईकांना रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी एक संदेश. आईला कुणी विचारलं नव्हतं की तुला कोणती पाळी हवी. तिला सकाळची हवी होती, दाढी आणि पेपरची, आणि बाबांचं सगळ्यात चांगलं लक्ष त्याच वेळी असायचं.

डिस्चार्जच्या दिवशी घाई असते आणि नेमकी तिथेच गडबड होते. मुलीने औषधांचे चार गट करून मागितले: पूर्वीचं चालू, पूर्वीचं बंद, मात्रा बदललेलं, नवीन. बंद केलेल्या औषधापुढे कारण. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन सुरू झालं होतं. त्याने सुरुवातीला उठताना चक्कर येऊ शकते, त्यात रक्तदाबाची गोळीही चालूच. म्हणून रात्री लघवीला उठताना आधी खाटेच्या कडेला बसायचं हे कागदावर लिहून घेतलं. कॅथेटर घरी जाण्याआधी काढला होता. काढल्यावर काही तासांत लघवी झाली, ती मोजली, आणि नंतर मूत्राशयात किती उरली हेही यंत्राने बघितलं. हे तिन्ही झाल्याशिवाय घरी निघायचं नाही.

डिस्चार्जच्या कागदावर फक्त ‘न्यूमोनिया’ लिहिलं होतं. तिने विनंती करून ‘डेलिरियम, कारण: लघवी तुंबणं व डायफेनहायड्रामिन’ ही ओळ घालून घेतली. एकदा डेलिरियम झालेल्याला पुढच्या आजारात किंवा शस्त्रक्रियेनंतर तो पुन्हा होण्याचा धोका जास्त असतो, आणि त्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हातात हाच कागद असेल. घरातल्या औषधांच्या डब्यातून त्या गोळ्या आणि सर्दीची तसलीच पाकिटं त्याच दिवशी काढून टाकली.

घरी आल्यावर काही आठवडे विसरभोळेपणा, संध्याकाळची अस्वस्थता राहू शकते. बाबांना त्या रात्रीतलं अर्धवट आठवत होतं आणि मुलाशी झटापट केल्याची लाज वाटत होती. काय घडलं आणि कशामुळे, हे एकदा नीट सांगितलं की ते हलकं होतं. "जाऊ द्या, आठवू नका" म्हटल्याने होत नाही. पुन्हा ताप, पुन्हा थेंब थेंब लघवी, दिवसा न उतरणारी गुंगी किंवा बोलण्यात अचानक फरक पडला तर वाट न बघता फोन करायचा. दोन-तीन महिन्यांनी स्मरणशक्ती पूर्वीसारखी वाटत नसेल तर ती तपासून घ्यायची. कधी कधी आधीपासून हळूहळू चाललेला स्मृतिभ्रंश अशा आजारात पहिल्यांदा उघडा पडतो, आणि त्याची तपासणी डेलिरियम पूर्ण ओसरल्यावरच खात्रीची होते.